गिरणाकाठच्या गावाला नदीच्या सफाईत कसं आणायचं?

गिरणाकाठ (भडगाव तालुका) – प्रश्न

राम राम मंडळी.

गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. वस्ती पाचेक हजारांची. कापूस, केळी, थोडं लिंबू. मी शेती करतो आणि गावातल्या तरुण मंडळात आहे.

आमच्याकडे पावसाळा सरला की गिरणा वाहत नाही. धरणातून आवर्तन सुटतं तेवढे दिवस पाणी, मग पात्र कोरडं आणि मधे मधे डोह. गावाखालच्या डोहात गावाची गटार येऊन पडते. पाणी हिरवट-काळं, कडेला जलपर्णी, वर साबणाचा फेस. पाय घातला की तळातून बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हशी अजून त्यातच बसतात. आठवडे बाजार दरडीवरच्या पटांगणात भरतो. दिवेलागणीपर्यंत कोंबडीची पिसं, सडलेली मेथी, पिशव्या, सगळं दरडीवरून खाली.

दिवाळीनंतर मंडळाने सफाई ठेवली. जेसीबी भाड्याने आणला, शाळेची पोरं, मास्तर, पुढारी सगळे आले, ट्रॉल्या भरून कचरा निघाला. पेपरात फोटो आला. दोन बाजार झाले आणि दरड होती तशी. परत हाक दिली तर मंडळाचीच पोरं आली. "ग्रामपंचायत कशाला आहे मग?" असं पारावर तोंडावर ऐकवलं.

मला जास्त लागलं ते वेगळंच. गेल्या श्रावणात काही घरांनी कानबाई (आमच्या खान्देशात श्रावणात घरी बसवतात ती देवी) नदीवर नेलीच नाही, शेतातल्या विहिरीवर विसर्जन केलं. आजी दिवसभर कोणाशी बोलली नाही.

गावाला यात कसं आणायचं? दंड लावावा की बक्षीस ठेवावं? ज्यांच्याकडे असं काही टिकलंय त्यांनी सविस्तर सांगा. भाषणं खूप ऐकलीत.


थळकरी (साक्री तालुका)

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळचं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

सफाईचा दिवस कोणी ठरवला? मंडळाने. जागा कोणी ठरवली? मंडळाने. जेसीबी कोणी सांगितला? मंडळाने. गाव आलं ते पाहुणा म्हणून आलं. पाहुणा एकदा येतो, फोटोत उभा राहतो आणि घरी जातो. त्यात गावाचा दोष नाही. ज्या कामात आपलं मत कोणी विचारलं नाही, त्या कामाची काळजी माणूस वाहत नाही.

माझे वडील फडावर पाटकरी होते, म्हणून मला हे फडाच्या अंगानेच सांगता येतं. आमच्या पांझरेवर, तिकडे बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीला आडवा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालचं थळ, म्हणजे त्या पाटावर भिजणारी सगळी जमीन. थळाचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. माझी जमीन एका फडात थोडी, दुसऱ्यात थोडी. त्यामुळे एक फड बुडाला तर एकटा कोणी बुडत नाही. पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची, राखण जागल्याने करायची, आणि दोघांवर देखरेखीला फडाचा हवालदार. यांचा मेहनताना सरकार देत नव्हतं, थळातले शेतकरी धान्याच्या रूपात द्यायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक खातेदाराच्या घरचं माणूस आलंच पाहिजे. नाही आलं तर बदली मजूर द्यायचा. वडील म्हणायचे, "पाट आपला शे, त्यानी काळजी आपनच लेवानी." कमी पावसाच्या साली एखादा फड कोरडा सोडायचा, आणि तो सगळ्यांच्या संमतीने सोडायचा.

हे सगळं चाललं त्याचं कारण मला एकच दिसतं. पाटाच्या शेपटाला ज्याची जमीन, तो आणि पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन, तो, एकाच बैठकीत बसायचे. वरच्याने पाणी अडवलं किंवा घाण केलं, तर खालचा त्याच्यासमोर उभा राहून विचारायचा.

तुमच्या गावात ती बैठक नाही. ती आधी बसवा, झाडू नंतर.

मी असतो तर असं केलं असतं. एका दिवशी सकाळी वरच्या शिवेपासून खालच्या शिवेपर्यंत काठाने चालायचं. मंडळाची पोरं कमी, नदीशी रोजचा संबंध असलेली माणसं जास्त. परीट, भोई, गुराखी, डोहावर मोटार टाकलेले शेतकरी, नदीवर कपडे नेणाऱ्या बाया, बाजारात दुकान लावणारे दोघे-तिघे, खाटीक. बरोबर वही. गटारीचं पाणी कुठे कुठे पात्रात उतरतं, कोणत्या आळीचं उतरतं, हे जागेवर लिहायचं. सांगणारा त्याच आळीतला असावा. बाहेरच्याने सांगितलं की भांडण, घरच्याने सांगितलं की माहिती.

मग काठाचे तुकडे पाडायचे, पण वॉर्डाप्रमाणे नाही, वापराप्रमाणे. जिथे म्हशी बसतात तो तुकडा म्हशीवाल्यांचा. धुण्याचे दगड आहेत तो परटांचा आणि त्या बायांचा. स्मशानाचा घाट, देवीचा ओटा, बाजाराची दरड, प्रत्येकाचं एक माणूस बैठकीला. 'गावाची नदी' म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही, हे मी आमच्या पाटावर डोळ्यांनी पाहिलंय. ज्या तुकड्याला नाव नव्हतं तिथेच गाळ साचायचा.

बाजाराचं बोलतो, कारण तिथे पैसा आहे. तुमच्याकडे बाजाराची बैठक-पावती (दुकान लावायच्या जागेचं भाडं) फाडायचा ठेका दरवर्षी लिलावाने जात असेल. लिलावाच्या अटींत लिहून घ्या की बाजार उठला त्याच रात्री पटांगण आणि दरड झाडून द्यायची, कोंबडी-मटणवाल्यांना झाकणाचे पिंप द्यायचे आणि तो माल खड्ड्यात पुरायचा. अनामत ठेवून घ्या, काम नाही झालं तर त्यातून कापा. दरडीवर एक जागल्या ठेवा आणि त्याचा पगार बाजाराच्या उत्पन्नातून द्या. फुकटचा जागल्या महिनाभर टिकतो. पोट भरणारा टिकून राहतो आणि त्याला जाब विचारता येतो.

आता खरी गोष्ट. कचरा डोळ्याला दिसतो म्हणून सगळे कचऱ्यावर धावतात. तुमचा डोह सडतोय तो सांडपाण्याने. ते बुडबुडे, तो वास, याचा अर्थ तळात प्राणवायू उरलेला नाही. जलपर्णी माजते ती मैला आणि साबणाचं पाणी खाऊन. उद्या तुम्ही शेवटची पिशवी उचलली तरी डोह असाच राहील. आधी घरोघरचं मोरीचं पाणी घराजवळ जिरवा. शोषखड्डा हा साधा उपाय आहे, पण जमीन बघून करा. काळी चिकण असेल तर खड्डा पहिल्या पावसाळ्यातच तुंबतो आणि लोक म्हणतात, योजना खोटी. नदीकाठच्या मुरमाड, वाळूसर पट्ट्यात तो चांगला चालतो. विहीर-हातपंपापासून लांब घ्या. संडासाच्या टाकीचं उतू जाणारं पाणी मात्र गटारीत सोडलेलं कोणाचंही चालवून घेऊ नका, ते सरपंचाचं असलं तरी.

जे पाणी जिरणार नाही त्याच्यासाठी गटारीच्या तोंडाशी जाळी, मग गाळ बसायला एक टाकी, आणि पुढे उथळ वाफा. वाफ्यात खडी भरून कर्दळ, पाणकणीस लावा. त्यांच्या मुळांशी पाणी सावकाश सरकलं की बरंच निवळतं. जाळी रोज काढावी लागते, गाळाची टाकी वेळोवेळी उपसावी लागते. हे काम जागल्याचं. बांधून सोडून दिलेला वाफा दुसऱ्या वर्षी डासांचं घर होतो.

दंडाबद्दल विचारलंत. दंड शेवटी, आणि तोही बैठकीने ठरवलेला. पहिल्याच दिवशी दंडाची पावती घेऊन गेलात तर ती गरिबाच्या घरी फाटेल आणि मोठ्या वाड्यासमोरून पुढे जाईल. मग नदीचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवतील.

आणखी एक. गिरणेचं आवर्तन सुटलं की तुमच्या डोहातलं सगळं ढकललं जातं आणि खालच्या गावाच्या पिण्याच्या विहिरीपाशी जाऊन थांबतं. तुमच्या वरच्या गावाचं तुमच्याकडे येतं. म्हणून वर्षाचं मोठं काम आवर्तनाच्या आधी धरा, दिवाळी बघून नको. आणि बैठकीला खालच्या गावाचा एक माणूस बोलवा. तो बोलला की तुमच्या गावाला स्वतःचं पाणी कळेल.


पाण्याची_ताई (चोपडा तालुका)

थळकरी नानांनी सगळं सांगितलं, पण बायांचा उल्लेख 'कपडे नेणाऱ्या' एवढाच आला. नाना, राग मानू नका. आमच्या गावात हे काम उभं राहिलं ते बायांनी पाणी तपासायला घेतल्यावर.

जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवतात, त्यातली मी एक. किट ग्रामपंचायतीत असतं, बऱ्याच ठिकाणी कपाटात धूळ खात. त्यात जिवाणू बघायची एक छोटी बाटली असते. पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. मैल्याचे जिवाणू असतील तर पाणी काळं होतं. आम्ही एक बाटली डोहाची भरली, एक नदीकाठच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीची आणि एक टाकीतून क्लोरीन होऊन आलेल्या नळाची. तिन्ही अंगणवाडीच्या खिडकीत, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या. डोहाची काळी होणार हे सगळ्यांना माहीतच होतं. पण दुसऱ्या दिवशी विहिरीची बाटलीही काळी दिसली, तेव्हा खिडकीपाशी उभ्या बाया एकदम गप्प झाल्या. तेच पाणी क्लोरीन संपलं की आपल्या लेकरांच्या तोंडात जातं, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. नळाची स्वच्छ राहिली, म्हणून क्लोरीनचा आग्रहही त्याच दिवशी सुरू झाला.

तुम्ही ग्रामसभेआधी महिला सभा घ्या. ती घ्यायचीच असते, पण पुष्कळदा रजिस्टरवर सह्या होऊन संपते. खरी घ्या, दुपारच्या वेळी, जेवणं आटोपल्यावर. तिथे शोषखड्डा कोणाच्या दारात बसेल, कोणाच्या दारात जागा नाही, हे बाया बोटावर सांगतील. पुरुषांना स्वतःच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते माहीत नसतं.

कानबाईचं वाचून पोटात कालवलं. त्या घरांवर रागावू नका, त्यांनी देवीला घाण पाण्यात सोडलं नाही एवढंच. पण श्रावणाचा आधार घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. विसर्जनाची वाट आणि तेवढा घाट कसा असावा हे कानबाईचे रोट (नैवेद्य) करणाऱ्या घरांतल्या बायांना ठरवू द्या. मंडळाने फक्त पाट्या-फावडी द्यावीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गौराई घेऊन पोरी नदीवर जातात, त्यांनाही विचारा.


डोहकरी

भोई समाजाचा आहे, गिरणेवरच आमच्या तीन पिढ्या गेल्या. थोडक्यात लिहितो.

दिवाळीनंतर तुम्ही जेसीबी घातला तेव्हा काठाचं लव्हाळं पण काढलं का? बहुतेक काढलं असणार, सगळीकडे काढतात, फोटोत साफ दिसतं म्हणून. त्याच लव्हाळ्यात मासळी अंडी घालते, आणि गाळ धरून ठेवायचं कामही तेच करतं. जलपर्णी काढा, लव्हाळं ठेवा. फरक कळत नसेल तर आमच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आधी मरळ, वाम मिळायची. आता जाळ्यात चिलापी, आणि तीसुद्धा गावाखालच्या डोहाची असेल तर गिऱ्हाईक वास घेऊन परत करतं. नदीची घाण सगळ्यात आधी आमच्या चुलीला कळते. पण सफाईचं ठरवायला आम्हाला कोणी बोलावलं नाही. होडी पाहिजे तेव्हा निरोप येतो.

आणि वाळूबद्दल कोणीच का बोलत नाही? पात्रात वाळूचा थर होता तेव्हा झिरा उकरला की हात बुडेल एवढ्यावर गोड पाणी लागायचं. वाळू पाणी गाळायची. आता कितीतरी ठिकाणी खाली नुसता चिकणा आणि खडक, घाण तशीच उभी राहते. रात्री ट्रॅक्टर कोणाचे जातात हे गावाला माहीत आहे. ज्या बैठकीत ते विचारता येणार नाही, त्या बैठकीला आमचा माणूस कशाला पाठवू?


थळकरी

डोहकरी भाऊंचं बरोबर आहे आणि ते मी आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. वाळूचा विषय पहिल्या बैठकीतच वहीत लिहा. तोडगा त्या दिवशी नाही निघणार, पण लिहिलं गेलं पाहिजे. ताई, तुमचंही मान्य. पाण्याची वही बायांच्याच हातात असावी.


निवृत्त_ग्रामसेवक (एरंडोल)

कागदाच्या बाजूचं सांगतो, कारण उत्साह तिथेच अडतो.

नदीचं पात्र शासनाच्या मालकीचं, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे. म्हणून कर्दळीचा वाफा पात्रात बांधू नका. गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या जागेत, गटार पात्रात उतरण्याआधी बांधा. पात्रात काहीही करायचं तर तहसीलदार आणि पाटबंधारे खात्याला आधी विचारावं लागतं.

पैसा आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, ठेवला होता, त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पाण्यासाठी. शोषखड्डे रोजगार हमीतून होतात. पण हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावं लागतं. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला माणसं आणा. नंतर आरडाओरड करून उपयोग नाही.

ठरावात "नदी स्वच्छ ठेवावी" असं मोघम लिहू नका. कोणती गटार, कोणत्या आळीची, वाफा कुठे, जाळी कोण काढणार, पगार कोणत्या शीर्षातून, असं लिहा. मोघम ठरावावर कोणताही अधिकारी नुसता शेरा मारतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात सर्वांत जास्त, ५३, आपल्या महाराष्ट्रातले, आणि गिरणा त्यात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यावरून प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवनाची समिती नेमायला लावली. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना हा संदर्भ द्या. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चं कलम २४ नदीत घाण सोडायला मनाई करतं, तेही लिहा. अर्जाला वजन येतं.


गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी काठाने चाललो. भोई आळीतले एक आजोबा पुढे होते, वही माझ्या चुलत बहिणीकडे होती. आम्ही समजत होतो की गटार एकाच जागी उतरते. ती चार जागी उतरते, आणि त्यातली एक शाळेच्या संडासाच्या मागून. लव्हाळं आजोबांनी दाखवलं, जेसीबीने उपटलेल्या जागी पुन्हा हिरवे कोंब फुटले आहेत. बाजाराचा लिलाव मार्चमध्ये आहे, सरपंचांनी अटी लिहून मागितल्या आहेत. वाळूचा विषय वहीत घेतला. दोघे उठून गेले, बाकीचे बसून राहिले.

पण एक गोष्ट अडली आहे. पारावर आता नवीन सूर निघालाय की वरून सगळ्यांची घाण येते, शहरांची येते, मग आपणच का करायचं? याला उत्तर देताना मी कमी पडतो.


थळकरी

भाऊ, हा सूर प्रत्येक पाटावर निघतो. शेपटाचा म्हणतो तोंडाचा खातो, तोंडाचा म्हणतो बंधाराच गळतो. त्यावर वाद घालू नका, मोजून दाखवा.

गिरणा धरण तुमच्या वर आहे आणि आवर्तन नसताना पात्र तुटक असतं, हे तुम्हीच लिहिलंत. मग त्या दिवसांत तुमच्या डोहात जे साठतं ते बहुतांशी कुठून येतं? पण हे मी सांगून कोणी ऐकणार नाही. आवर्तन बंद होऊन काही आठवडे गेले की दोन ठिकाणचं पाणी घ्या. एक तुमच्या वरच्या शिवेवरच्या डोहाचं आणि एक चारही गटारी उतरल्यावर खालच्या शिवेवरचं. ती छोटी बाटली इथे पुरणार नाही, नदीच्या पाण्याने ती दोन्हीकडे काळीच होईल. हे पाणी प्रयोगशाळेत द्या आणि विरघळलेला प्राणवायू व बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) मागा. अंघोळीच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली नसावा आणि बीओडी ३ च्या वर नसावी, असा निकष आहे. नमुना कसा भरायचा आणि किती वेळात पोचवायचा ते आधी प्रयोगशाळेत जाऊन विचारून घ्या. प्राणवायूचा नमुना बाटलीत हवा राहू न देता भरावा लागतो.

आलेले आकडे पारावरच्या भिंतीवर रंगवा, वरचा शेजारी आणि खालचा शेजारी. वरचा बरा आणि खालचा वाईट निघाला तर पारावर बोलायला काही उरत नाही. दोन्ही वाईट निघाले तर तोच कागद घेऊन वरच्या गावाकडे जा, भांडायला नाही, बैठकीला बोलवायला.

फक्त वरच्या शिवेवरचा नमुना भरताना त्या गावाचा एक माणूस सोबत घ्या आणि बाटलीच्या चिठ्ठीवर त्याची सही घ्या. नंतर कोणी म्हणायला नको की पाणी दुसरीकडचं होतं.